करारनामा वाचून घ्या, वकील परवडतो



वीस-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन घर घेणारी माणसं करारनामा पहिल्यांदा चाळतात ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, सह्या करता करता. ‘आता वकिलाला कुठून पैसे आणायचे?’ हे त्यांचं म्हणणं मला समजतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली भागवल्यावर हातात उरतंच काय? म्हणून आज अशा मदतीबद्दल बोलतो, जिला पैसे लागत नाहीत किंवा थोडेच लागतात.

सुरुवात सहीच्या आधीपासून. महारेरा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, यांच्या संकेतस्थळावर नमुना करारनामा आहे. तो आणि बिल्डरचा मसुदा शेजारी ठेवून एक संध्याकाळ बसा. ताब्याची तारीख, चटई क्षेत्र, उशीर झाला तर व्याज, ही कलमं ताडून पाहा. आणि २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १३ लक्षात ठेवा: करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘अलॉटमेंट लेटर देतो, वीस टक्के भरा’ असं कोणी म्हणालं, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या.

ताबा रखडला तर कलम १८ आहे. पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते, फी ५,००० रुपये, आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. जुन्या सोसायट्यांची जमीन बिल्डरच्याच नावावर अडकली असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही.

पण कागद क्लिष्ट असला, की जाणता माणूस लागतोच. तो मोफत मिळू शकतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने हा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर तो मिळतो. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि सर्व स्त्रिया यांना मात्र उत्पन्नाची अटच नाही. आपल्याकडे स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून कितीतरी घरं आज आई, पत्नी, बहीण यांच्या नावावर आहेत. त्या घराचा वाद उभा राहिला, तर मोफत वकील मागण्याचा हक्क त्या बाईचा आहे. ही दयेची भीक नव्हे. शिवाय या कायद्यात विधी सेवा म्हणजे नुसता खटला नाही. कायद्याचा सल्ला देणं हीसुद्धा विधी सेवाच. तेव्हा वाद पेटायची वाट बघू नका, शंका आली की विचारा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी जिल्हा न्यायालयात करा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. विधी सेवेचा फोन नंबर १५१००. जाताना करारनाम्याची प्रत, भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून न्या.