पत्ता आणि कारभारी

पुण्याहून एक पत्र कावेरीकाठच्या कुंभकोणम गावी निघाले आहे, अशी कल्पना करावी. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यामुळे त्या मुलखात मराठी घराणी आजही नांदत आहेत. तेव्हा ही कल्पना फार दूरची नव्हे. पुण्याच्या टपाल कचेरीतील माणसाने ते गाव पाहिलेले नसते. तरीही पत्र बिनचूक पोचते, ते ६१२००१ या सहा अंकांच्या बळावर. पहिला अंक दक्षिण विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमकी टपाल कचेरी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. हे सरकारी अधिकारी संस्कृतचे कवीही होते.

संकेतस्थळ चालविणाऱ्या सर्व्हरपुढेही हाच प्रश्न असतो. पत्त्यातील स्थळाच्या नावापुढे तिरकी रेघ येते; तेथून मार्ग सुरू होतो. एक मार्ग मंदिरांची माहिती मागतो, दुसरा गाड्यांचे वेळापत्रक. कोणते काम कोणी करावयाचे? ‘हा मार्ग असेल तर हे, तो असेल तर ते’ अशी अटींची शिडी रचता येते. पण प्रत्येक नव्या मार्गागणिक ती लांबत जाते.

जावास्क्रिप्ट भाषेतील ऑब्जेक्ट येथे उपयोगी पडते. ते म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचे कोष्टकच. डावीकडे मार्ग, उजवीकडे ते काम करणारे फंक्शन, म्हणजे कारभारी. विनंती आली की सर्व्हर कोष्टकात मार्ग शोधतो आणि सापडलेल्या कारभाऱ्यास हाक मारतो. नवा मार्ग हवा असेल तर कोष्टकात एक ओळ वाढवावी. शोधणाऱ्यास हात लावण्याचे कारण नाही.

मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. कोष्टकात फंक्शनचे केवळ नाव लिहावे. नावापुढे कंस जोडले की विनंती येण्यापूर्वीच ते काम उरकते आणि कारभाऱ्याच्या जागी त्याच्या कामाचे फळ तेवढे राहते. दुसरी गोष्ट वारशाची. साधे ऑब्जेक्ट ‘टूस्ट्रिंग’सारखी काही नावे जन्मतःच घेऊन येते. मार्गाची आरंभीची रेघ काढून शोध घेतला आणि नेमके तेच नाव आले, तर कोणीही न नेमलेला कारभारी हजर होतो! म्हणून वारसा नसलेले ऑब्जेक्ट घ्यावे, किंवा २०१५ साली भाषेत आलेला ‘मॅप’ वापरावा.

आणि मार्ग कोष्टकात नसलाच, तर ‘४०४’ या अंकाने तसे स्पष्ट कळवावे. पत्ता न सापडलेले पत्र परत आले, तर धन्यास निदान चूक उमगते. भलत्याच हाती पडलेल्या पत्राची मात्र तो वाटच पाहत राहतो.