लाज कुणाला वाटावी?

मायबाप हो, हडपसर भाग्याचं. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्याहून इथं येतात. इथून माउलींची वाट दिवेघाटानं सासवडला, तुकोबारायांची लोणी काळभोरला. वाटा दोन, पण दोन्ही पंढरीच्या. फसवणाऱ्याची वाट मात्र तिसरी!

आपल्या मराठीत त्याला नावं किती! ठग, लबाड, लफंगा. सोंग देवाधर्माचं असेल तर भोंदू. सोंग दुसऱ्या माणसाचं असेल तर तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. आता फोनवर पोलिसाचा तोतया निघतो. आणि चारसोबीस! ते दंडविधानाचं कलम ४२०. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. कलम बदललं, माणूस चारसोबीसच राहिला!

आणि जो फसला, त्याला आपण काय म्हणतो? येडा. इथंच आपलं चुकतं.

माझ्या ओळखीचे एक माळकरी. फोन आला, “पोलीस बोलतोय, तुमच्यावर गुन्हा आहे. फोन ठेवू नका, घरात सांगू नका.” भ्याले बिचारे. निवृत्तीचे पैसे गेले. पंधरा दिवस घरात बोलले नाहीत. हरिपाठ सुटला, तेव्हा घरच्या माउलीला शंका आली. मला म्हणाले, “महाराज, गळ्यात माळ, आणि मी एवढा येडा?”

म्हटलं, बाबा, तुकोबाराय कोकणात मिरच्या विकायला गेले होते. परतताना एका ठकानं सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी त्यांच्या गळ्यात मारली. संतचरित्रात आहे ही कथा. वाण्याच्या घरात जन्मलेले, तरी फसले. म्हणून तुकोबा लहान झाले का? ज्यांनी स्वतःच्या येण्याची खतं इंद्रायणीत सोडली, ते तुकोबा! लहान झाला तो ठक.

दामदुप्पटीच्या लोभानं कुणी फसला असेल, तर तो लोभ त्यानं विठोबाच्या पायाशी कबूल करावा. पण चोरी ती चोराचीच.

ध्यानात ठेवा, फोनवर अटक होत नसते. फोन ठेवा, घरात सांगा. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० नंबरावर कळवा. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. लाजेनं घालवलेले पंधरा दिवस चोराच्या कामाला येतात.

आणि घरच्यांनो, तो सांगायला आला की “अक्कल कुठं गेली होती?” असं विचारू नका. आधी पाणी द्या, जवळ बसा.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!