म्हाताऱ्या वाघ्याची रात्र

जेवणं उरकली असतील, भांडी घासून झाली असतील. आता दहा मिनिटं टेका आणि ऐका. आज आम्ही आमच्या वाघ्याबद्दल बोलणार आहोत.

वाघ्या आमच्या गटातल्या काकूंच्या दारचा. तेरा वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून वस्तीवर आला. शेळ्या राखल्या, कोंबड्या राखल्या. गटाची बैठक काकूंच्या ओट्यावर असली, की हा दारात आडवा पडायचा, आम्ही त्याला ओलांडून आत जायचो.

गेल्या दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलं. दिवसभर झोपायचा आणि रात्री एक-दोन वाजता उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा. कणगीच्या मागच्या कोपऱ्यात शिरायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मागं कसं वळायचं तेच त्याला सुचायचं नाही. मग रडायचा. कधी ओट्यावरच लघवी करायचा. एकदा तर काकूंनी भाकरी पुढं केली, तर अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत राहिला.

शेजारचे म्हणू लागले, कुत्रं रात्री रडतंय, अपशकुन आहे, बाजाराच्या गावाला सोडून या. आणि आम्ही? खरं सांगतो, आम्हीही म्हणालो, "काकू, गोठ्यामागं बांधा त्याला." त्यांनी बांधला. त्या रात्री गोल गोल फिरून दोरी खुंट्याला गुंडाळली गेली आणि गळ्याला फास बसला. काकूंना जाग आली म्हणून वाचला. इकडं महिनाभर झोप नाही म्हणून काकूंचीही दशा झालेली. भाकरी भाजताना डुलकी लागली आणि हात तव्यावर टेकला. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी डॉक्टरांना विचारू, मग काय ते बोलू.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला नीट तपासलं. म्हणाल्या, माणसाला म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, तसाच कुत्र्यालाही होतो. मेंदूत नको असलेली प्रथिनं साठत जातात, पेशी कमी होतात. दिवस कुठला, रात्र कुठली, हे सांगणारं आतलं घड्याळच बिघडतं. तो हट्टानं रडत नाही आणि अपशकुनही करत नाही. तो हरवलेला असतो, स्वतःच्याच अंगणात.

पण लगेच तसा शिक्का मारू नका, असंही त्यांनी सांगितलं. सांधे दुखत असतील, दात किडला असेल, लघवीला जळजळ होत असेल, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल, तरी कुत्रं रात्री अस्वस्थ होतं. मोतीबिंदू झाला, कान गेले, तरी ते बावचळतं. म्हणून आधी तपासणी. दवाखान्यात जाताना आठ दिवसांची नोंद न्यावी: किती वाजता उठला, काय केलं, पाणी किती प्यायला. मोबाईलवर रात्रीची चित्रफीत काढून दाखवली तर आणखी बरं. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

दोन गोष्टी गाठीला बांधा. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांनी त्याचा जीव जाऊ शकतो. झोपेची गोळीही मनानं द्यायची नाही. दुसरं, म्हातारपणाचा हा बदल महिनोन्‌महिने हळूहळू होतो. दोन-चार दिवसांतच कुत्रं अचानक बदललं, लाळ गाळू लागलं, त्याला गिळता येईना, दिसेल त्याला चावू लागलं, तर ती पिसाळण्याची लक्षणं असू शकतात. जवळ जाऊ नका, पोरांना लांब ठेवा, डॉक्टरांना कळवा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आता आम्ही वाघ्यासाठी काय केलं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे त्याची रात्र आम्ही दिवसा सुधारली. सकाळी कोवळ्या उन्हात आणि संध्याकाळी बांधापर्यंत त्याला हळूहळू फिरवून आणतो. हुंगू द्यायचं, घाई करायची नाही. दुपारी फार वेळ झोपला तर नातवंडं हाक मारून उठवतात, भाकरीचा तुकडा गवतात लपवून शोधायला लावतात. संध्याकाळचं खाणं लवकर देतो. आपण झोपायच्या आधी त्याला बाहेर नेऊन लघवी करवून आणतो. पाणी मात्र तोडत नाही, भांडं कायम जवळ असतं.

दुसरं, त्याची जागा. पडवीत एका कोपऱ्यात जुनी गोधडी टाकली, ती रोज तिथंच. खाट, कणगी, पाटी इकडची तिकडं करत नाही. फरशीवर पाय घसरतात म्हणून गोणपाट अंथरलं. एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवतो, अंधारात तो जास्त घाबरतो. कणगीमागची फट फळी लावून बंद केली. बांधणं बंद केलं आणि पडवीला ताटी लावली. शेतात उघडी विहीर असेल तर हे विसरू नका, भ्रमिष्ट कुत्र्याला काठ कळत नाही.

तिसरं, बोलणं. रागावलं की तो आणखी बावरतो. झोपलेला असताना एकदम हात लावायचा नाही, दचकून चावू शकतो. समोरून जायचं, हाताचा वास घेऊ द्यायचा, हळू आवाजात नाव घ्यायचं. पोरांना हे नीट शिकवा.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. रात्री उठायचं ते बाईनंच, असं कुठं लिहिलंय? आम्ही काकूंच्या घरी जाऊन बसलो आणि पाळ्या ठरवल्या. एक रात्र काकूंची, एक मुलाची, एक काकांची. कुरकूर झाली. पण तीन रात्रींतल्या दोन रात्री काकू झोपतात आता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजारपणातही हीच पाळी लावता येईल, एवढं फक्त सुचवतो.

हा आजार बरा होत नाही. डॉक्टरांकडं काही औषधं असतात, काहींना त्यांचा उपयोग होतो. वाघ्या अजूनही एखाद्या रात्री उठतो, पण आता बहुतेक वेळा पाठीवरून हात फिरवला की परत पडतो. एक दिवस असा येईल, की तो खाणार नाही, उठणार नाही, त्याच्या दुखण्याला उतारच पडणार नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोलून वेदना न होता त्याला निरोप देता येतो. तो निर्णय सगळ्या घरानं मिळून घ्यायचा. पण बाजारात सोडून येणं हा निरोप नव्हे. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, तेरा वर्षं ज्यानं आपली रात्र राखली, त्याच्या थोड्या रात्री आपण राखायला काय हरकत आहे?

तुमच्याही दारात असं म्हातारं कुत्रं असेल, तर पुढच्या बैठकीत विषय काढा. येतो आम्ही. आज काकांची पाळी आहे, काकू आमच्याबरोबर इथं बसल्यात.