ओगोवेच्या तीरावरील विसावा

सेवेचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याने घटकाभर वेळ स्वतःसाठी राखला, की त्याचे त्यालाच अपराधी वाटू लागते. डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या जीवनातील एक पर्व या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

धर्मशास्त्राचे अध्यापक आणि नामवंत ऑर्गनवादक असलेल्या श्वाइत्झर यांनी वयाच्या तिशीत वैद्यकाचे शिक्षण आरंभिले. १९१३ साली, स्वतः जमविलेल्या पैशांवर, पत्नी हेलेन यांच्यासह ते आजच्या गॅबॉन देशातील लांबारेने येथे पोहोचले. विषुववृत्तालगतचे निबिड अरण्य, ओगोवे नदीचे विशाल पात्र, आणि आरंभीचे उपचारगृह म्हणजे कोंबड्यांचे एक जुने खुराडे! संगीताला कायमचे मुकावे लागणार, असे मनाशी धरूनच ते निघाले होते. परंतु पॅरिसच्या बाख सोसायटीने ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या जोडलेला, उष्ण प्रदेशासाठी खास बनविलेला पियानो त्यांना भेट दिला. दिवसभर रुग्णसेवा, आणि मग त्या अरण्यात बाखची साधना! मैफल नाही, श्रोते नाहीत. म्हणूनच एकेक रचना सावकाश, मुळापासून अभ्यासता आली.

दुसरा विसावा मात्र लादलेला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. अल्सेसचे हे दांपत्य जर्मन प्रजाजन, आणि वसाहत फ्रेंचांची. ते घरातच स्थानबद्ध झाले. रुग्णसेवेस बंदी आली. वैद्याला याहून कठोर शिक्षा कोणती? दुसऱ्याच दिवशी ते मानवी संस्कृतीच्या ऱ्हासाची मीमांसा लिहावयास बसले. नोव्हेंबरअखेर रुग्णसेवेची मुभा मिळाली, पण नीतीचा पाया कोणता, हा प्रश्न सुटेना.

तो सुटला नदीवर. सप्टेंबर १९१५ मध्ये एका आजारी मिशनऱ्याच्या पत्नीला तपासण्यासाठी सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करावा लागला. पाणी उतरलेले, वाळूचे पट्टे चुकवीत नाव कूर्मगतीने चाललेली. हाताला दुसरे काम नाही. ते कागदावर तुटक वाक्ये लिहीत बसले. तिसऱ्या दिवशी सूर्यास्तसमयी पाणघोड्यांच्या कळपातून नाव जात असता ‘जीवनाविषयी आदर’ हे शब्द अकस्मात मनात उमटले. त्यांचे पुढचे सारे चिंतन याच शब्दांवर उभे राहिले.

भारतीय विचारावरील आपल्या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा मनःपूर्वक गौरव केला. मात्र तिचा उगम करुणेत नसून जगापासून अलिप्त, निर्मळ राहण्याच्या इच्छेत आहे, असे मत मांडले. ते आपल्याला पटणारे नाही. आफ्रिकी बांधवांकडे पाहण्याची त्यांची वडीलकीची दृष्टीही आज टीकेचा विषय झाली आहे, आणि ती टीका अनाठायी म्हणता येत नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये, वयाची ९० वर्षे पूर्ण झाल्यावर, लांबारेने येथेच त्यांचे निधन झाले. ओगोवेच्या काठीच त्यांची समाधी आहे. तिच्यावरील क्रूस त्यांनी स्वहस्ते घडविलेला आहे.