छपाईची रांग आणि सर्वोच्च अधिकार

संगणकावर काम करणाऱ्या सर्वांना समान अधिकार नसतात. लिपिकाने पत्र लिहावे व छापावे. नवी आज्ञावली बसविणे हे प्रशासकाचे काम. मर्यादित अधिकाराने आत आलेली व्यक्ती प्रणालीतील दोषाचा लाभ घेऊन वरचे अधिकार बळकावते, तेव्हा त्यास स्थानिक अधिकारवृद्धी म्हणतात.

विंडोजमधील ‘प्रिंट स्पूलर’ या सेवेतील असा दोष दूर करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ८ जून २०२१ रोजी दुरुस्ती दिली. स्पूलरचे काम तसे साधे, छपाईची कामे रांगेत लावण्याचे. परंतु ही सेवा ‘सिस्टिम’ या सर्वोच्च अधिकाराने चालते आणि प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्याचे कामही तीच करते. मागणी करणारा त्यास पात्र आहे काय, ही तपासणी चुकविता येत होती. त्यामुळे ड्रायव्हर म्हणून पुढे केलेली कोणतीही आज्ञावली सर्वोच्च अधिकाराने चाले. जणू कोणीही ठेवलेल्या कागदावर न वाचताच साहेबांचा शिक्का उमटावा!

हा दोष दूरस्थ हल्ल्यासही उपयोगी पडतो, हे त्याच महिन्यात मान्य झाले. पुढे ‘प्रिंटनाईटमेअर’ नावाने गाजलेला त्याच जातीचा दुसरा दोष जूनच्या दुरुस्तीनंतरही उरला होता. त्यासाठी ६ जुलैपासून तातडीच्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या. याच सेवेतील एक निराळा दोष २०१० मध्ये स्टक्सनेटनेही वापरला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, ज्या सर्व्हरवरून एकही पान छापले जात नाही, तेथेही ही सेवा मुळातच चालू ठेवलेली असे. सोयीचे श्रेय उत्पादकाला आणि जोखीम मात्र ती न मागितलेल्या ग्राहकाला, हा बाह्य परिणामाचा अस्सल नमुना होय. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब अन्वये ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय यंत्रणा काम करते. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार विहित सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक झाले. तथापि हे बंधन घटना घडल्यानंतरचे आहे. मुळातल्या मांडणीची किंमत त्यातून वसूल होत नाही.

१० ऑगस्ट २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने ती मांडणीच बदलली आणि ड्रायव्हर बसविण्यास प्रशासकाचा अधिकार आवश्यक ठरविला. निर्णय योग्यच, पण उशिराचा. ज्या लहान कार्यालयात पूर्णवेळ प्रशासकच नाही, तेथे नवा प्रिंटर जोडण्यासाठी बाहेरच्या माणसाला बोलावणे आले, आणि तो खर्चही कार्यालयाच्याच खाती पडला.