पेटीवर लेकराची बोटं

 

आज आपण लहान लेकरांच्या गाण्या-वाजवण्याबद्दल बोलणार आहोत. लहान म्हणजे अंगणवाडीतली, तीन ते सहा वर्षांची. शहरात काही घरी या वयाच्या मुलांना पियानोवर बसवतात. आपल्या घरात पियानो मावायचा नाही आणि परवडायचाही नाही. पण भजनी मंडळाची पेटी आपल्याकडे गावोगावी आहे. पेटीच्या आणि पियानोच्या पट्ट्यांची मांडणी एकच. सात पांढऱ्या, पाच काळ्या, मग पुन्हा सात आणि पाच. पियानोवर अशा एकूण ८८ पट्ट्या असतात, पेटीवर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून पेटीवर वळलेलं बोट उद्या कीबोर्डवर किंवा पियानोवर गोंधळत नाही. शिवाय पेटीला वीज लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती टिकते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हालाच पेटी येत नाही, तर लेकराला काय शिकवू? बायांनो, पेटी येत नसली तरी गाणं येतं ना? कुणाला ओवी येते, कुणाला पाळणा, कुणाला रेला, तर तांड्यावरच्या बायांना लेंगी. लेकरू आधी कानाने शिकतं, बोट नंतर चालतं. म्हणून पहिले आठ-पंधरा दिवस नुसतं गा. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, घरात जी बोली असेल तिच्यातच गा. सोबत टाळ्या वाजवा, ताट वाजवा. दंडारीचा ढोल ऐकून आपली लेकरं पाय हलवतातच. तालाची शिकवणी तिथूनच सुरू होते.

मग पेटी समोर घ्या. हाताने भाता मारायची ही पेटी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. मोठा माणूस एका हाताने भाता मारतो, दुसऱ्या हाताने वाजवतो. लहान लेकराला दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून भाता आईने मारायचा आणि पट्टी लेकराने दाबायची. आजी असेल तर तिने भात्याला बसावं. आधी वरची एखादी खुंटी ओढून सूर उघडा आणि भाता हलक्या हाताने मारा. जोर केला तर भाता फाटतो.

पहिल्या दिवशी फक्त ऐकू द्या. डावीकडे सूर जाड, उजवीकडे बारीक. "अस्वल कुठे बोलतं? चिमणी कुठे बोलते?" असं विचारा, लेकरू आपोआप शोधेल. दुसऱ्या दिवशी काळ्या पट्ट्या बघा. कुठे दोन जवळजवळ आहेत, कुठे तीन. पेटीच्या मधल्या भागात दोन काळ्यांची जोडी शोधा. तिच्या डाव्या अंगाला लागून जी पांढरी पट्टी आहे तिला आपण सा धरू. तिच्यावर एक टिकली चिकटवा. त्यापुढची पांढरी रे, त्यापुढची ग. आठवडाभर हे तीनच सूर पुरे. आधी तोंडाने म्हणायचं, मग वाजवायचं. तीन सूर जमले की म आणि प. अंगणात रांगोळीने मोठ्या पट्ट्या काढा आणि लेकराला सूर म्हणत त्यांवरून उड्या मारू द्या. पेटी घरी नसेल त्या दिवशीही अभ्यास होतो.

बोटं ताठ नकोत. हातात लिंबू धरल्यासारखी वाकलेली असू द्या. वेळ पाच ते दहा मिनिटं, रोज एकाच सुमारास. लेकरू कंटाळायच्या आधी थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पेटी मागेल. चुकलं म्हणून बोटावर मारू नका आणि पाहुण्यांसमोर "वाजवून दाखव" असा हट्ट धरू नका. मोबाईलवरचा पियानो करमणुकीला ठीक, पण काचेवर बोटाला पट्टी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. दोन सुरांच्या मधून गळा घसरत जातो, तसं पेटीला जमत नाही, अशी जाणकारांची एक तक्रार होती. १९७१ पासून ती बंदी सैल झाली आणि आज रेडिओवर पेटी सर्रास वाजते. यातून आपण एवढंच घ्यायचं की पेटी गळ्याच्या सोबतीला आहे, गळ्याच्या जागी नाही. लेकराचं गाणं थांबवून नुसती बोटं चालवू नका.

पेटी विकत घ्यायची घाई करू नका. गटाची बचत त्यात घालायची गरज नाही. मंडळाची पेटी आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी लेकरांना मिळावी, असा ठराव बैठकीत घ्या आणि मंडळाच्या लोकांशी बोला. पेटी पोरं मोडतील, अशी भीती त्यांना वाटणार. म्हणून एक बाई जबाबदार ठेवा. लेकरांचे हात धुऊन पुसून घ्या. पेटी ओल्या जमिनीवर किंवा चुलीजवळ ठेवू नका, वापर झाला की भाता मिटवून कापडात गुंडाळा आणि उंदरांपासून जपा. जुनी पेटी घ्यायचीच झाली तर प्रत्येक पट्टी दाबून बघा. मग भाता भरा आणि पट्टी न दाबता सोडा. भाता पटकन बसला तर हवा कुठूनतरी गळते आहे, असं समजा.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपलं महिला मंडळ भजनाला बसतं, तेव्हा गाणाऱ्या सगळ्या बाया असतात, पण पेटीवर बहुतेक वेळा पुरुषच असतो. तो आला नाही तर भजन अडतं. पोरीला लहानपणी "हात लावू नको" म्हणून पेटीपासून उठवलं, तर मोठेपणी ती तिथे बसणार कशी? पोरगा असो की पोरगी, टिकली लावलेल्या त्या पट्टीवर दोघांचंही बोट पडू द्या. वीस वर्षांनी आपल्या मंडळाची पेटीवाली आपल्याच गावची असेल.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.