हवेवरची रोपं आणि ओलाव्याचं गणित
टिलँडसियाला माती लागत नाही. मुळं असतात ती झाडाला नाहीतर खडकाला धरून राहण्यापुरती. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत ही रोपं अशीच लटकलेली दिसतात. पाणी पितात ती पानं, त्यांच्यावरच्या रुपेरी, खवल्यांसारख्या सूक्ष्म केसांमधून.

मग हवा दमट असली की झालं? छे!

मुंबईच्या पावसाळ्यात ही रोपं तहानेनं नाही, कुजून मरतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचतं, गाभा काळा पडतो, पानं हातात सुटून येतात. अशा दिवसांत फवारणी बंद आणि पंखा चालू. काचेच्या बंद बरणीत तर ठेवूच नयेत, फोटोत कितीही छान दिसोत.

नागपूरचा उन्हाळा किंवा एसीची खोली म्हणजे नेमकं उलटं. पानं आत वळतात, टोकं तपकिरी होतात. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा रोप अर्धा तास पाण्यात बुडवावं, उलटं धरून झटकावं आणि तीन-चार तासांत सुकेल असं वाऱ्याला ठेवावं. हे सकाळीच करावं. या रोपांची पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि पानं ओली असली तर त्यांना कार्बन डायऑक्साइड नीट घेता येत नाही.

राखाडी पानांची झेरोग्राफिका कोरडेपणा सोसते, हिरव्या मऊ पानांच्या जातींना ओलावा जास्त लागतो. टांगायला तांब्याची तार मात्र कुणालाच चालत नाही.